अनामत भरण्याआधी

अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत ठेवलं, की घरच्यांची पहिली धाव पैशांमागे असते. मंगळसूत्र गहाण पडतं, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती सगळी रक्कम अनामत म्हणून काउंटरवर जाते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. गरीब घराने हातातली रोकड शक्य तोवर रुग्णालयात अडकवू नये. उपचारांचा खर्च उचलणाऱ्या योजना आपल्या राज्यात आहेत. बाळ घरी आल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांचा भार उचलणारं मात्र जवळजवळ कोणी नाही. मेख एवढीच, की या योजना आधी भरलेलं बिल सहसा मागाहून देत नाहीत. मंजुरी उपचार चालू असतानाच घ्यावी लागते.

म्हणून खरा निर्णयाचा क्षण बिलाचा नसतो, 'बाळाला दुसरीकडे हलवा' असं सांगितलं जातं तेव्हाचा असतो. कुठे हलवायचं हे रुग्णवाहिकेच्या चालकावर सोडू नये. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून आजारी अर्भकाची औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे; पुढे ही सवलत वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली गेली. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली, तर दुकान गाठण्याआधी या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारावं. खासगी रुग्णालयात जायचंच असेल, तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का, आणि नवजात बाळांच्या उपचारांसाठी आहे का, हे निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून पाहावं. योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. पोचल्यावर पहिली गाठ तिथे बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राची घ्यावी. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसणारच. आईवडिलांची कागदपत्रं आणि जन्माची नोंद यांवर काम कसं पुढे न्यायचं, हे सांगणं त्याचं कामच आहे.

तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची, आणि तिचा उपयोग फार कमी लोक करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तातडीच्या रुग्णाला अनामतीसाठी दारात अडवणं या योजनेत बसत नाही. तिथल्या समाजसेवकाला भेटून अर्ज लेखी द्यावा. तोंडी नकाराचा माग राहत नाही. मुख्यमंत्री सहाय्यता निधीही नवजात बाळांच्या आजारांना मदत करतो, पण त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. गरोदरपणाचा सातवा महिना लागण्याआधीच तो काढून ठेवलेला बरा.

यावर कोणी म्हणेल, सरकारी कक्षात गर्दी असते, एका पेटीत दोन-दोन बाळं ठेवतात, तिथे जीव धोक्यात कशाला घाला? ही शंका खोटी नाही. किलोच्या आतलं, श्वासासाठी यंत्र लागणारं बाळ प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला पेलत नाही. पण त्याचं उत्तर वैद्यकीय महाविद्यालयाचं किंवा योजनेतलं रुग्णालय हे आहे, दिसेल ते पहिलं खासगी रुग्णालय नव्हे. ऐन घाईत कागद कोण जमवणार, हा आक्षेप अधिक खरा आहे. आणि तो सोडवायची जबाबदारी बाळंतिणीची नाही. प्रसूती लवकर होण्याची लक्षणं दिसताच रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती पिशवीत आहेत ना, हे आशाताईंनी पाहिलं तर निम्मी घाई टळेल.

वाचवलेली रोकड कुठे लागते? मुख्यतः आईची बुडालेली मजुरी भरून काढायला. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं हा उपचारच आहे. जन्मानंतर लगेच असं धरल्याने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात दिसलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातांनाच शुश्रूषेत सामील करून घेतलं होतं आणि १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. मग जी आई उपचाराचा भाग आहे तिचा रोज बुडाला, तर तो भरून देणं हाही उपचाराचा खर्च का मानू नये? रोख दिली की ती भलतीकडे जाते, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. कुपोषित बालकांच्या पुनर्वसन केंद्रात आईला बुडीत मजुरी देण्याचं तत्त्व सरकारने केव्हाच मान्य केलंय. नवजात कक्षाच्या दाराशी ते का थांबावं?

ती सोय होईपर्यंत घरच्या पैशांवरच भागवायचं आहे. त्यातला थोडा हिस्सा डोळ्यांच्या तपासणीसाठी वेगळा काढावा. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासला गेला पाहिजे. नाहीतर दृष्टी कायमची जाऊ शकते. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते, तिथवरचं भाडं मोफत असेलच असं नाही. डिस्चार्जच्या कागदावर तिची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नये.