दिंडीचा तंबू कसा निवडावा?

दिंडीसाठी मोठा तंबू घ्यायचा म्हटले, की आपण त्यात माणसे किती मावतील तेवढेच पाहतो. पण उघड्या माळावर रात्री वारा सुटला, की तंबूची खरी परीक्षा होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. म्हणून उंच, सरळ कनातीच्या तंबूपेक्षा ठेंगणा, उतरत्या बाजूंचा तंबू बरा. वारा त्यावरून निसटून जातो. एका प्रचंड तंबूऐवजी दोन मध्यम घ्यावेत. एक पडला तरी म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्यात निवारा मिळतो.

घेताना तणाव्यांच्या कड्यांपाशी कापड दुहेरी आहे ना, शिवण पक्की आहे ना, हे ओढून पाहावे. मेखा लांब हव्यात. भिजलेल्या काळ्या रानात आखूड मेख सहज उपटते. मेखेचे डोके तंबूपासून बाहेर कलते ठेवावे. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून पावसात तो थोडा सैल करावा. नायलॉनचा मात्र ढिला पडतो, तो पुन्हा ताणावा. वारीच्या दिवसांत वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून दार पूर्वेला ठेवावे.

राखणारा पांडुरंग खराच. पण मेख आपणच ठोकायची, मंडळी!