इंग्रजी क्रियाविशेषण : रूप, स्थान आणि व्याप्ती

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत नाम आणि क्रियापद यांवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडतात. क्रियाविशेषणाच्या वाट्याला मात्र एक व्याख्या आणि शब्दांची एक यादी एवढेच येते. क्रियापदाचा, विशेषणाचा किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाचा अर्थ मर्यादित करणारा शब्द, ही ती व्याख्या. ती चुकीची नाही. परंतु असा शब्द ओळखावा कसा, आणि त्याचा अंमल वाक्यात कोठपर्यंत चालतो, हे तिच्यावरून कळत नाही.

ओळखण्याची सोपी खूण म्हणून विद्यार्थ्याला 'ली' हा प्रत्यय दाखविला जातो. या प्रत्ययाच्या मुळाशी शरीर किंवा आकार या अर्थाचा एक जुना शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत विशेषणाच्या अंती एक लघु स्वर जोडूनही क्रियाविशेषण साधले जात असे. मध्ययुगात तो स्वर उच्चारातून गळाला आणि विशेषण व क्रियाविशेषण यांची रूपे एक झाली. 'फास्ट' आणि 'हार्ड' हे त्या अवस्थेतील टिकून राहिलेले शब्द होत; इतरत्र 'ली'चा प्रसार झाला. उलटपक्षी 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' यांच्या अंती 'ली' असूनही ती विशेषणेच आहेत. खरी फसगत होते ती जोडशब्दांत. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कसून काम करतो; 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करीत नाही. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने एवढे एक प्रत्ययाचे अंतर सांभाळलेले बरे!

मराठीभाषकाची अडचण आणखी वेगळी आहे. 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' या वाक्यांत वर्णन गाण्याचे होते, पण वर्णन करणारा शब्द कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. या सवयीमुळे 'शी सिंग्ज गुड' असे वाक्य सहज तोंडून निघते. इंग्रजीला तेथे 'वेल' हवे असते. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे; ती मातृभाषेची छाया आहे.

रूपापेक्षाही अधिक महत्त्व स्थानाला आहे. मराठीत 'च' हे अव्यय ज्या शब्दावर भर द्यावयाचा त्यालाच चिकटते, त्यामुळे संदिग्धता कमी राहते. इंग्रजीत ते काम 'ओन्ली' या शब्दाला आपल्या जागेवरून करावे लागते. 'ओन्ली द क्लार्क साइन्ड द लेटर' म्हणजे कारकुनानेच पत्रावर सही केली. 'द क्लार्क साइन्ड ओन्ली द लेटर' म्हणजे पत्रावरच केली, अन्य कागदांवर नाही. 'द क्लार्क ओन्ली साइन्ड द लेटर' याचा काटेकोर अर्थ फक्त सही केली, मजकूर त्याचा नव्हे, असा होतो. तथापि बोलताना पुष्कळजण हेच वाक्य दुसऱ्या अर्थानेही वापरतात. अर्थ स्पष्ट असेल तेथे अशा वापराला दोष देऊ नये, असे फाउलर यांनी 1926 मधील आपल्या कोशात सुचविले. ते योग्यच आहे. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा हेन्री ॲल्फर्ड यांनी 1864 मध्ये पुरस्कारलेला दंडकही असाच फाजील म्हणावा लागेल.

कधी कधी क्रियाविशेषण संपूर्ण वाक्यालाच लागते. 'शी डिड नॉट स्पीक नॅचरली' म्हणजे ती स्वाभाविक रीतीने बोलली नाही. तोच शब्द आरंभी आणून त्यापुढे स्वल्पविराम दिला, की 'साहजिकच ती बोलली नाही' असा निराळा अर्थ निघतो. पहिल्या वाक्यात ती बोलली आहे, दुसऱ्यात मौन आहे.

या विवेचनाला न्यायालयात फार किंमत येते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 'डिसऑनेस्टली' आणि 'फ्रॉड्युलंटली' या क्रियाविशेषणांची स्वतंत्र कलमांत व्याख्या केलेली होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते शब्द व्याख्येसह कायम आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू ती आपलीच आहे अशा सद्भावनेने उचलणारा चोर ठरत नाही, कारण तो ती 'डिसऑनेस्टली' घेत नाही. वस्तू हललेली असते, संमतीही नसते. गुन्हा अडतो तो एका क्रियाविशेषणावर.

अशा शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दुसऱ्या व्यक्तीचे ओळखचिन्ह 'नोइंग्ली', म्हणजे जाणूनबुजून, वापरणाऱ्यास दोन वर्षांची जादा कैद देणारा कायदा तेथे 2004 मध्ये झाला होता. एका मेक्सिकन कामगाराने मालकाला बनावट ओळखपत्रे दिली; त्यांवरील क्रमांक खरोखरीच्या माणसांचे निघाले. ते बनावट आहेत हे त्याला ठाऊक होते. पण ते कोणा दुसऱ्याचे आहेत हे ठाऊक होते काय? 'नोइंग्ली' हा शब्द केवळ वापरण्याच्या क्रियेला लागतो, असे सरकारचे म्हणणे होते, आणि खालच्या न्यायालयांनी ते मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने उलट निर्णय दिला. न्यायमूर्ती ब्रायर यांच्या निकालपत्रात सामान्य इंग्रजी व्याकरणाचाच आधार घेतलेला आहे : सकर्मक क्रियापदापूर्वी आलेले असे क्रियाविशेषण श्रोता सहसा कर्मासह संपूर्ण क्रियेला लावतो. म्हणून क्रमांक दुसऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सरकारने सिद्ध करणे आवश्यक ठरले. ते सिद्ध झालेले नव्हते.