‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी बसलेल्या शब्दांत ‘नॉर्मल’ हा एक आहे. ताप उतरला की नॉर्मल, बाळंतपण सुखरूप झाले की नॉर्मल. त्यामुळे हा शब्द वेगळा शिकविण्याची आवश्यकता शिक्षकांस सहसा वाटत नाही. ‘सामान्य’ असा प्रतिशब्द फळ्यावर लिहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. तो पुरेसा नाही.

लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला जुळणारे ते नॉर्मल, हा मूळ अर्थ. विज्ञानाच्या पुस्तकातील स्तंभिकेस इंग्रजीत नॉर्मल म्हणतात ते याचमुळे; आरशाशी ती काटकोनात असते. फ्रान्समध्ये १७९४ साली शिक्षक तयार करण्यासाठी निघालेल्या शाळेसही हेच विशेषण लावले गेले व पुढे अध्यापनशाळांना ‘नॉर्मल स्कूल’ म्हणू लागले. तेथे अध्यापनाचा नमुना घालून दिला जाई. सामान्य प्रतीची शाळा असा त्याचा अर्थ नव्हे.

गुण्या आला की तो कोणाचा, हा प्रश्न येतो. नेरळच्या मुलांना हे स्टेशनावरच दाखविता येईल. मुंबई–कर्जत मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मि.मी.; शेजारी १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचे अवघे ६१० मि.मी. जर्मन भाषेत मात्र १४३५ मि.मी.च्या मार्गाचे नावच ‘नॉर्मल’ मार्ग असे आहे. त्या मापाने नेरळचे दोन्ही मार्ग नॉर्मल नव्हेत, आणि तरीही दोहोंवरून गाड्या धावतात.

पावसाचे उदाहरण मुलांस अधिक जवळचे वाटेल. जून ते सप्टेंबर या काळात देशात सरासरी ८७ सें.मी. पाऊस पडतो (१९७१ ते २०२० या वर्षांवरून काढलेला आकडा) आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाल्यास वेधशाळा त्यास नॉर्मल म्हणते. नेरळच्या भातखाचरांत चार महिन्यांत ८७ सें.मी.च पडला, तर शेतकरी त्यास दुष्काळ म्हणेल.

‘कॉमन’ आणि ‘नॉर्मल’ यांतील भेदही येथेच सांगावा. श्रावणात वर्गातील निम्मी मुले शिंकत असतात. सर्दी कॉमन झाली, नॉर्मल नव्हे. वारंवार आढळते ते कॉमन; मापास उतरते ते नॉर्मल. शब्दाचा उच्चार करताना आघात पहिल्या अक्षरावर द्यावा. मुले बहुधा ‘मल’ लांबवितात.

वरील चर्चा इंग्रजीच्या तासापुरतीच राहत नाही. कर्जत-खालापूर भागातील ठाकर व कातकरी वाड्यांवरील मूल घरची बोली घेऊन शाळेत येते. प्रारंभी ते गप्प बसते आणि ‘हे नॉर्मल नाही’ असा शेरा शिक्षकांच्या बोलण्यात सहज येऊन जातो. वस्तुतः पुस्तकी मराठी हा गुण्या त्याने त्या दिवशी प्रथमच पाहिलेला असतो. कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. अशा मुलाच्या नोंदीत ‘प्रगती नॉर्मल नाही’ एवढेच लिहिल्यास कोणासच काही कळत नाही. ‘दिवाळीपासून भट्टीवर, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी राहिली, वाड्यावरील बोलीत गोष्ट नीट सांगतो’ असे लिहिल्यास, जूनमध्ये त्यास कोठून शिकवावयास घ्यावे हे पुढील वर्गाच्या शिक्षकास पहिल्या दिवशीच समजते.