वाऱ्यानें मोडणारा मका आणि वाणावाणांतील भेद

एकाच बांधाच्या दोन बाजूंस मका असावा, एकच वादळ दोहोंवरून जावें, आणि एकीकडील ताटें मोडून पडावीं तर दुसरीकडील उभीं राहावीं, हा प्रकार अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानच्या शेतकऱ्यांस चांगला परिचित आहे. 1993 सालच्या जुलैंतील वादळानें तेथें अशीच मोठी मोड झाली. वाऱ्याचा जोर, जमीन व मशागत यांचा त्यांत वांटा असतोच. परंतु बियाण्याच्या आनुवंशिक गुणाचा वांटाही लहान नसतो.

प्रथम एक गफलत टाळली पाहिजे. पीक पक्व होतांना ताट आंतून कुजून लोळतें, तो प्रकार निराळा. येथें आम्ही हिरवें, निरोगी ताट कांड्याच्या गांठीपाशीं तुटण्याविषयीं लिहीत आहों. तुरा येण्यापूर्वीच्या सुमारें दोन आठवड्यांत मका झपाट्यानें उंच होतो. कांडीं लांबतात, पण पेशींच्या भित्तिका अद्याप टणक झालेल्या नसतात. पाणी व नत्र भरपूर मिळालेलें जोमदार पीकच या वेळीं अधिक ठिसूळ असतें. कणसाखालीं ताट तुटलें कीं त्या झाडाचें उत्पन्न गेलेंच. शेजारचीं झाडें थोडी भर काढतात, पण पुरती नाहीं.

ठिसूळपणा आनुवंशिक असूं शकतो याचा ठळक पुरावा मक्यांतच आहे. एका विशिष्ट जनुकांत बिघाड झाला असतां भित्तिकेंतील सेल्युलोज घटतें, आणि तें झाड थोड्याशा धक्क्यानें मोडतें. नेहमींच्या वाणांत मात्र अनेक जनुकांचा मिळून परिणाम होतो. म्हणून तेथें भेद पायरीपायरीचा असतो.

निवडीनें ताट सुधारतें, यांत शंका नाहीं. आयोवा संस्थानांत जॉर्ज स्प्रेग यांनीं 1930 नंतरच्या दशकांत, मुख्यतः ताटाच्या बळकटीवरून निवडलेल्या 16 वंशांच्या संकरांतून एक समूह तयार केला. त्याच समूहांतून 1972 सालीं बी-73 हा प्रसिद्ध वंश बाहेर आला. तरीही कापणीपर्यंत ताठ राहणारा वाण हिरवेपणीं मोडणार नाहीं, अशी हमी देतां येत नाहीं. शिवाय 10 ऑगस्ट 2020 च्या आयोवांतील प्रचंड वादळासारख्या प्रसंगीं कोणत्याच वाणाचा भरंवसा पुरत नाहीं.

यावरून आमच्या वाचकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. वादळांत उभा राहिलेला वाण बळकट होता, कीं त्याची नाजूक अवस्था आधींच उलटून गेली होती, याचा विचार केल्याविना त्यास चांगला म्हणूं नये. एकाच अवस्थेंतील वाणांचीच तुलना करावी. वादळानंतर प्रत्येक वाणाच्या तीन-चार ठिकाणीं 100 झाडें मोजावीं. कणसाखालीं मोडलेलीं, कणसावर मोडलेलीं व मुळासकट कललेलीं निरनिराळीं लिहावीं. सोबत पेरणीची तारीख, दिलेलें नत्र व तुऱ्याची स्थिति नोंदावी. आपल्याकडील खरीप मक्याची ही अवस्था वादळी पावसाच्या दिवसांतच येते. म्हणून सर्व रान एकाच वाणाखालीं न घालतां, तुरा निरनिराळ्या वेळीं येणारे निदान दोन वाण पेरावे. मग एका वाऱ्यानें सारें पीक जाणार नाहीं, आणि दोन-चार हंगामांच्या नोंदींवरून पुढील बियाण्याची निवड डोळसपणें करतां येईल.