उसवून आलेल्या टोप्या

डिसेंबर लागला की माझ्याकडे ब्लाउजांच्या बरोबरीने टोप्या येऊ लागतात. शिवायला नव्हे, दुरुस्तीला. घरी हौसेने शिवलेल्या फ्लीसच्या कानटोप्या आणि नेक वॉर्मर. कुणाच्या टोपीची मागची शिवण तटतट उसवलेली, कुणाची टोपी भुवयांवरून घसरून डोळे झाकणारी, कुणाचा नेक वॉर्मर गळ्याच्या मापाचा बरोबर, पण डोक्यातून खाली उतरतच नाही. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर आला की आमच्या नाशकातही पहाटे दूध टाकायला निघालेला माणूस डोळे सोडून सगळं गुंडाळून घेतो. त्यात फ्लीस स्वस्त, त्याचे धागे सुटत नाहीत, काठ दुमडायची कटकट नाही. पन्हा साठ इंची असला तर मीटरभर कापडात घरातल्या चौघांच्या टोप्या होऊन दोन नेक वॉर्मरही निघतात. त्यामुळे घरोघरी मशीनवरची धूळ झटकली जाते, ते चांगलंच आहे. पण दुरुस्तीला आलेली टोपी उलटी करून पाहिली की बहुतेक वेळा कारण एकच दिसतं. शिवणारीने ते कापड लोकरीचं समजून शिवलेलं असतं, आणि घालणाऱ्याने लोकरीचं समजून वापरलेलं असतं.

फ्लीस म्हणजे पॉलिएस्टर. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या होतात, त्याच जातीचा धागा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स गावातल्या माल्डन मिल्सने १९७९ च्या सुमारास हे कापड आणलं. आधी पॉलिएस्टरचं विणलेलं कापड करायचं, मग तारांच्या ब्रशाने त्याचा पृष्ठभाग खरवडून लव उठवायची. त्या लवेत हवा अडकते आणि हवेमुळे ऊब राहते. धागा पाणी पीत नाही, म्हणून धुतलं की दोन तासांत वाळतं. हे गुण खरेच आहेत. पण त्याच धाग्यामुळे ते आगीपुढे वितळतं, केसांचं तेल धरून ठेवतं आणि अंगावर कडकड ठिणग्या उडवतं. वाराही अडवत नाही, लवेतून सरळ आत येतो.

सगळ्यात आधी आगीचं सांगते, कारण बाकीच्या गोष्टींत फार तर कापड वाया जातं.

निफाड, दिंडोरीकडे थंडी फार वाढली की द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागांमधून रात्री शेकोट्या पेटवतात. सुरगाणा, पेठ भागातून बागेच्या कामाला आलेली माणसं पहाटे त्याच शेकोट्यांभोवती बसतात. आमच्याकडच्या काही बायकांनी एका वर्षी त्यांच्यासाठी टोप्या आणि नेक वॉर्मर शिवून वाटले. मन चांगलं, शिवणही बरी होती. महिन्याभराने त्यातलेच काही तुकडे पिशवीत भरून माझ्याकडे आले. प्रत्येकावर बारीक बारीक भोकं, आणि भोकांच्या कडा टणक, काळपट, नखाने टोकरल्या तर टोचणाऱ्या. सोबत आलेल्या बाईच्या हनुवटीखाली हरभऱ्याएवढा डाग होता. ती म्हणाली, "ताई, लोकरीचं म्हणून दिलं ना? मग ठिणगीनं असं कसं झालं?"

लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते, केस जळल्यासारखा वास येतो आणि बहुधा ती आपोआप विझते. फ्लीस साधारण अडीचशे अंशांना वितळतं. वितळलेला थेंब गरम असतो आणि चिकटही. तो कातडीला धरून बसतो. म्हणून शेकोटीपाशी, चुलीपुढे, वीटभट्टीवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्यासाठी फ्लीस शिवू नये. अशा माणसाला लोकरीचा मफलर किंवा घोंगडी द्यावी, नाहीतर जाड सुती कापडाची कानटोपी शिवावी. सुती कापडही पेटतं, पण वितळून अंगाला चिकटत नाही. घरात गॅसपुढे उभं राहणारी बाई नेक वॉर्मर घालणार असेल तर तो अंगाबरोबर बसणारा शिवावा, पुढे लोंबणारा नको.

दुकानदार "वुलनच आहे" म्हणून सांगतो तेव्हा घरी खात्री करून घेता येते. कापडाचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, आणि काडी लावायची. लोकर असेल तर केसांचा वास येऊन चुरगळणारी राख होते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि त्याचा टणक मणी उरतो. मुलांना लांब ठेवून करा, आणि हातात धरून तर मुळीच नको.

इस्त्रीचं दुखणं याच घरातलं. शिवण दाबून बसवायची म्हणून सुती कापडाची गरम इस्त्री फिरवली की लव चपटी होऊन चकाकणारा पट्टा उमटतो, तो कधीच जात नाही. इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं फ्लीस खरवडताना मी पुष्कळ बायका पाहिल्या आहेत. फ्लीसला इस्त्री लागतच नाही. शिवण बोटांनी उघडून दाबली की पुरे.

आता मापाकडे. फ्लीस हे विणीचं कापड आहे, म्हणून ते आडवं जास्त ताणतं, उभं कमी. टोपीचा ताण डोक्याभोवती आला पाहिजे. कापड वाचवायला म्हणून आडवा तुकडा उभा लावला तर टोपी डोक्यात शिरत नाही, किंवा शिरली तरी शिवण तुटते. दुकानातच दहा सेंटिमीटरचा भाग दोन्ही हातांत धरून आडवा ताणून पाहावा. बारा-तेरापर्यंत गेला आणि सोडल्यावर परत दहावर आला तर ते टोपीचं कापड. ताणलेलं तसंच लोळत राहिलं तर ते पांघरुणाचं कापड. अशा स्वस्त पांघरुणांच्या टोप्या पहिल्या आठवड्यात छान बसतात आणि मग डोळ्यांवर येतात. त्यांची दुरुस्ती मी घेत नाही, कारण शिवण आवळून त्या परत सैलच होतात.

डोक्याचा घेर छप्पन सेंटिमीटर असेल तर तयार टोपी बावन्नची ठेवावी. म्हणजे दोन्हीकडचं एकेक सेंटिमीटर मार्जिन धरून कापायची रुंदी चोपन्न. उंची तीस, त्यातले सात सेंटिमीटर कानावर दुहेरी दुमडायला. नेक वॉर्मरला लोक हमखास गळ्याचं माप घेतात, आणि गळा असतो छत्तीसचा. पण तो जाणार डोक्यातून! म्हणून तोही डोक्याच्याच मापाने कापायचा, उंची पंचवीस-सव्वीस. सैल वाटला तर वरच्या काठाला थोडं इलास्टिक घालावं.

माथ्याचा घोळ पॅटर्नमुळे होतो. चार पाकळ्या सरळ रेषेत कापल्या की टोपीला जोकरसारखं टोक येतं. पाकळीची कड बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर हवी. मी तर आधी कापतच नाही. कापडाची सुलट बाजू आत घेऊन दुमडते, पाकळ्यांच्या रेघा आखते, त्यावरून शिवते, डोक्यावर घालून बघते आणि मगच जास्तीचं कापते. धागे सुटत नसल्यामुळे फ्लीसला हे चालतं, सुती कापडाला चालणार नाही. चारही शिवणी माथ्यावर एकत्र येतात तिथे मशीन अडखळते, सुई वाकते. तिथलं शेवटचं सेंटिमीटर मोकळं सोडून हाताने धावदोरा घालून ओढून घ्यावं. खाली गाठीचा गोळा राहत नाही. हेल्मेट घालणाऱ्याला तो गोळा फार टोचतो. जाड टोपी हेल्मेटखाली घालूच नये खरं तर, हेल्मेट सैल बसतं. दुचाकीवाल्याला पातळ फ्लीसचा नेक वॉर्मर शिवून द्यावा आणि टोपी घरी ठेवायला सांगावी.

खडूच्या रेघा लवेत दिसत नाहीत, म्हणून उलट बाजूने साबणाच्या चकतीने आखाव्यात. उलट-सुलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड ताणावी. ती उलट बाजूकडे वळते.

टाचण्यांबद्दल मात्र मी कडक आहे. फ्लीसच्या लवेत टाचणी पूर्ण गडप होते, हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. शाळेतल्या एका मुलाच्या नेक वॉर्मरमधून त्याच्या आईने टाचणी काढून माझ्यापुढे ठेवली होती. शिवणारी त्याची मावशीच होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा. टाचण्याच वापरायच्या असतील तर मोठ्या रंगीत डोक्याच्या घ्या, आणि लावताना मोजा, काढताना मोजा.

शिवण उसवते ती साध्या टाक्यामुळे. आपल्या काळ्या पायमशीनवर झिगझॅग नसतो. कापड ताणतं, टाका ताणत नाही, आणि टोपी डोक्यात ओढली की दोरा तुटतो. सुती दोरा असेल तर पहिल्याच दिवशी. पॉलिएस्टरचा दोरा घ्या, टाका तीन मिलिमीटरचा ठेवा, टेन्शन थोडं सैल करा आणि शिवताना सुईच्या पुढून-मागून कापड हलकं ताणून धरा. हलकंच. जोरात ओढलं तर काठाला झालर येते आणि सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटते. ज्यांच्याकडे झिगझॅग आहे त्यांनी तो अगदी अरुंद, एक मिलिमीटरचा ठेवावा. सुई गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट, चौदा नंबरची. साध्या टोकदार सुईने मधले टाके सुटतात आणि मग मशीन बिघडली म्हणून मेकॅनिकला बोलावलं जातं. मशीन बिघडलेली नसते, सुई बदलायची असते. दोन-तीन टोप्या झाल्या की बॉबिन केस काढून आतला कापूस ब्रशने झाडावा. तोंडाने फुंकू नये, फुंकलं की तो आणखी आत जातो.

लहान मुलांच्या गळ्याशी नाडी नको. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-गळ्यापाशी नाडी लावायला मनाई आहे. घसरगुंडीच्या फटीत किंवा बसच्या दारात ती अडकते. आपल्याकडे गोंड्याची नाडी गोड दिसते म्हणून आजीच आग्रह धरते, तेव्हा आजीला गोंडा माथ्यावर पक्का शिवून द्यावा. तोंडात सगळं घालणाऱ्या बाळाला तोही नको. आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर घरात टोपी ठेवू नये. बाळं डोक्यातून उष्णता बाहेर टाकतात. टोपीने ती तापतात, आणि टोपी नाकावर सरकली तर श्वासाचा प्रश्न येतो. हे सांगितलं की मला घरोघरी विरोध होतो, तरी मी सांगते.

आपण डोक्याला तेल लावणारी माणसं. पॉलिएस्टर तेल सोडत नाही, त्यामुळे जानेवारी संपेपर्यंत टोपीला खवट वास येतो. यावर अस्तर हा उपाय. पण साडीचं किंवा धोतराचं अस्तर सरळ लावलं की ते ताणत नाही, आणि टोपी पुन्हा डोक्यात शिरत नाही. जुन्या टी-शर्टाचं किंवा बनियनचं होजिअरी कापड घ्यावं, तेही आडव्या ताणाने. अस्तरामुळे वाराही थोडा अडतो. धुताना टोपी उलटी करावी, गार पाणी, साधी पावडर, टॉवेलांबरोबर नको, आणि कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य तर नकोच, त्याने लव चिकट होते. वारंवारही धुवू नये. २०११ सालच्या एका अभ्यासात एका कपड्याच्या एका धुण्यातून १९०० हून जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात गेलेले मोजले होते. अस्तर असलेली टोपी बाहेर वाऱ्यावर टांगली तरी बरेच दिवस निघतात.

उरलेले तुकडे आमच्याकडे सर्रास बंबात घालतात, पाणी तापवायला. फ्लीसचे घालू नका. धूर घशाला लागतो आणि वितळलेला गोळा जाळीला घट्ट चिकटतो. बोटभर रुंद पट्ट्या कापून उशीत भराव्यात, किंवा दाराखालच्या फटीला लावायची लांब पिशवी शिवून त्यात ठासाव्यात. निफाडच्या एका बाईंनी तशा पिशव्या विकायला सुरुवात केली आहे, आणि टोप्यांपेक्षा त्याच जास्त खपतात असं त्या म्हणतात.