ओळखा पाहू, हा कोणता जुनिपर?

मुलांनो, वाळवंट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? वाळू, उंट आणि खजुराची झाडे! पण सगळी वाळवंटे सारखी नसतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही राज्ये आहेत. तेथील कोरड्या, खडकाळ पठारांवर जुनिपरची झाडे वाढतात. त्यांची पाने खवल्यांसारखी बारीक असतात. झाडांना फळांसारखे गोल दाणे लागतात. त्या दाण्यांत बी असते.

पूर्वी तेथे वस्ती करायला आलेले लोक या झाडांना ‘सीडर’ म्हणू लागले. सीडर म्हणजे देवदार. ते तर वेगळेच झाड! पण चुकीचे नाव टिकून राहिले. युटामधील एका शहराला आजही ‘सीडर सिटी’ म्हणतात.

आपण अशी चूक करायची नाही. चला, झाडाच्या जवळ जाऊ.

प्रथम साल पाहा. मोठ्या झाडाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तुकडे दिसले, तर तो ‘ॲलिगेटर जुनिपर’. इतर जुनिपरची साल लांब पट्ट्यांनी सुटते.

आता दाणा फोडून पाहा. आत बहुधा दोन बिया असतील, तर तो ‘रॉकी माउंटन जुनिपर’. एकच बी असेल, तर तो ‘एकबीजी जुनिपर’. बरोबर ना?

थांबा! ‘युटा जुनिपर’च्या दाण्यातही बहुधा एकच बी असते. मग काय करायचे? दाणा आणि बुंधा पुन्हा नीट पाहायचा. एकबीजी जुनिपरचा दाणा लहान व रसाळ असतो. त्याला जमिनीपासूनच अनेक खोडे फुटतात. युटा जुनिपरचा दाणा मोठा व कोरडा असतो. त्याला बहुधा एकच बुंधा असतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुष्काळात युटा जुनिपर आपल्या काही फांद्यांचे पाणी तोडतो. त्या फांद्या वाळतात, पण बाकीचे झाड जगते. तेव्हा अर्धे वाळलेले झाड पाहून ते मेले असे समजू नका. त्याच्यावर कुऱ्हाड चालवण्याआधी हिरवी फांदी शोधा.

शब्दार्थ : बुंधा – झाडाच्या खोडाचा खालचा जाड भाग, विसंबणे – भरवसा ठेवणे.

स्वाध्याय
१. ॲलिगेटर जुनिपर कशावरून ओळखावा?
२. फक्त बिया मोजून युटा जुनिपर का ओळखता येत नाही?
३. तुमच्या परिसरातील सारख्या दिसणाऱ्या दोन झाडांतील फरक सांगा.