सोपारा व वसई येथील एक दिवस
(विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांकरिता पाठ)

अल्लीपुरासारख्या गावातील विद्यार्थी प्रथमच समुद्र पाहावयास निघतो, तेव्हा घरच्यांनी कापसाच्या पैशातून काही रक्कम त्याच्या हाती दिलेली असते. परत आल्यावर “काय पाहिलेस?” असे त्यास विचारले जाते. “पुष्कळ गर्दी व पुष्कळ पाणी,” एवढेच त्यास सांगता आले, तर तो पैसा व तो दिवस ही दोन्ही वाया गेली असे समजावे. यास्तव प्रवास कसा करावा, याविषयी आम्ही हा पाठ देत आहो. दादरास विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसले असता नालासोपारा व वसई ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात.

१. बंदर. आज सोपाऱ्यास जहाजे येत नाहीत. खाडी गाळाने भरून गेली. परंतु इ. स. च्या पहिल्या शतकात, म्हणजे पौल प्रेषित रोमी साम्राज्यात फिरत होता त्याच सुमारास, एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रमार्गाचे पुस्तक लिहिले. त्यात सोपारा, कल्याण व चौल ही आपल्या किनाऱ्यावरील बंदरे नावानिशी आली आहेत. पैठण व तेर येथील माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरास नेला जात असे, असेही तो सांगतो. त्या मालात साधे कापड पुष्कळ होते. ज्याच्या घरी बैलगाडी व कापूस आहे, त्या वाचकास या व्यापाराचे श्रम निराळे समजावून सांगणे नको. रोमी जगाशी झालेल्या या देवघेवीची खूण कोल्हापुरासही सापडली आहे. तेथे ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडन याची काशाची लहान मूर्ती निघाली.

२. टेकाड. सोपाऱ्यास एका मोठ्या टेकाडास लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तो आत बौद्धांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, काशाच्या बुद्धमूर्ती, सोन्याची फुले व यज्ञ सातकर्णी राजाचे एक रुप्याचे नाणे मिळाले. नाण्यावर राजाचे नाव असल्यामुळे काळ ठरविण्यास आधार झाला. कोट म्हणणारे लोक लबाड नव्हते. त्यांनी ऐकलेले सांगितले. पंडितांनी मात्र खणून पाहिले.

येथे धर्मशिक्षकांस एक सूचना करणे अवश्य आहे. शलमोन राजाची जहाजे ज्या ओफीराहून सोने आणीत, ते ओफीर म्हणजेच सोपारा, असे कित्येकांनी सुचविले आहे. नावे कानास सारखी लागतात, परंतु ही गोष्ट सिद्ध झालेली नाही. म्हणून वर्गात ती तर्क म्हणून सांगावी, घडलेली गोष्ट म्हणून सांगू नये. मुलास पुढे खरे कळले, म्हणजे तो आपल्या बाकीच्या बोलण्यावरही संशय घेऊ लागतो.

३. शिलालेख. त्याच १८८२ साली भगवानलालांस सोपाऱ्यास अशोक राजाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगावास सापडला. अशोकाचे असे मोठे लेख चौदा आहेत; सोपाऱ्याच्या भागात हाती आले ते एवढेच. आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनार इत्यादी ठिकाणांवरून ठाऊक आहे, आणि नवल हे की तो प्रवासाविषयीच आहे. पूर्वीचे राजे शिकार व करमणूक यांकरिता यात्रेस निघत. अशोकाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर ती रीत सोडली. ब्राह्मण व श्रमण यांस भेटावे, वृद्धांस दान करावे, खेड्यापाड्यांतील लोकांची विचारपूस करावी व त्यांस धर्माच्या गोष्टी सांगाव्या, ही त्याची नवी यात्रा झाली. आणि हिच्यात आपणांस अधिक आनंद होतो, असे तो स्वतः म्हणतो. हाच आमच्या पाठाचा गाभा होय. स्थळ तेच, खर्च तोच; निघणाऱ्याचा हेतू काय, यावरून यात्रेची किंमत ठरते.

४. किल्ला. दुपारी वसईस जावे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली; १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेने ती घेतली. कोटाच्या आत छप्पर गेलेली देवळे, मठ व उंच कमानी उभ्या आहेत. तेथल्या घंटा मात्र सांपडावयाच्या तर दूर जावे लागते. एक नाशिकास नारोशंकराच्या मंदिरी व एक वाईजवळ मेणवलीस आहे. भिंती ओसाड झाल्या, तरी मंडळी संपली नाही. वसईच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आजही नांदत आहेत. म्हणून दगड पाहून लगेच परतू नये. किनाऱ्यावर बोंबील वाळविणाऱ्या कोळी बायांपाशी घटकाभर थांबून त्यांचा धंदा विचारावा. अशोकाच्या यात्रेतही लोकांची भेट होतीच.

५. नियम. जाण्यापूर्वी तीन प्रश्न वहीत लिहून न्यावे. मोबाइलवर चित्रे अवश्य घ्यावी, परंतु प्रत्येकाखाली हे काय व केव्हाचे, हे त्याच दिवशी लिहावे. भिंतीवर आपले नाव कोरू नये, विटेचा तुकडाही उचलू नये. चौदा लेखांतून दोनच तुकडे हाती लागले, हे ध्यानात असावे. शिलालेख मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सवड असल्यास तोही पाहावा.

ज्यांस मुंबई दूर पडते, त्यांनी खिन्न होऊ नये. आपल्याच जिल्ह्यात पवनार येथे धाम नदीकाठी १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. तेथेही हेच नियम लागू आहेत.

वर्गाकरिता प्रश्न: (१) सोपाऱ्याचे बंदर का बंद पडले? (२) नाण्यावरून काळाचा अंदाज कसा बांधतात? (३) ऐकलेली गोष्ट व सिद्ध झालेली गोष्ट यांतील भेद ओफीराच्या उदाहरणावरून सांगा. (४) आपल्या गावातील सर्वांत जुनी विहीर किंवा इमारत कोणती, हे दोन वृद्धांस विचारून लिहून आणा.